द्निस्तर नदीपलीकडे

रुमेनियाचे जनरल गेओर्गे अव्रामेस्कू यांचे चरित्र साहित्याच्या अभ्यासकाने वाचले, की 'शोकात्मिका' हा शब्द त्याच्या ओठांवर येणार, हे आम्ही जाणतो. सामग्रीही तशीच आहे. जर्मनीचा नाइट्स क्रॉस मिळवलेला हा सेनानी १९४४ मध्ये त्याच जर्मनीविरुद्ध लढला आणि १९४५ मध्ये नव्या मित्रांच्या कैदेत संपला. तरीही हा शब्द घाईने वापरू नये, असे आम्हांला वाटते.

१९१६ मध्ये रुमेनिया पहिल्या महायुद्धात उतरला तो हंगेरीच्या अमलाखालील ट्रान्सिल्व्हेनियासाठी. अव्रामेस्कू तेव्हा तरुण अधिकारी होते. (कादंबरीकार लिव्हिउ रेब्रेआनू यांचा भाऊ त्याच युद्धात शत्रूच्या, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या, सैन्यात अधिकारी होता आणि १९१७ मध्ये फासावर गेला. गणवेश एकाचा, माती दुसऱ्याची, हा पेच त्या साहित्याला जुनाच आहे.) युद्धाअखेर मिळालेल्या भूमीपैकी बरीचशी १९४० च्या उन्हाळ्यात गेली: बेसाराबिया व उत्तर बुकोविना सोव्हिएत संघाने घेतले, उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया जर्मनी-इटलीच्या निवाड्याने हंगेरीला मिळाला.

म्हणून १९४१ मध्ये पर्वतीय कोअर घेऊन अव्रामेस्कू बुकोविनात शिरले, तेव्हा 'आपले आपण परत घेतो आहोत' असे त्यांना म्हणता येत होते. त्याच उन्हाळ्यात तिथे ज्यूंच्या कत्तली झाल्या, त्यांत रुमेनियन सैन्याचाही हात होता. गौरवपर चरित्रे हा मजकूर सहसा गाळतात. पण द्निस्तर ओलांडल्यावर काय? क्रायमिया रुमेनियाचा कधीच नव्हता. यूलिउ मानिउंसारखे नेते नदीपलीकडच्या युद्धाला विरोध करीत होते. जनरल च्युपेर्का यांनी ओडेसाच्या लढाईबाबत अंतोनेस्कूंशी मतभेद व्यक्त केले आणि पद गमावले. म्हणजे 'नाही' म्हणणे महाग होते, अशक्य नव्हते. अव्रामेस्कू १९४२ मध्ये सेवास्तोपोलपर्यंत गेले.

२३ ऑगस्ट १९४४ रोजी राजा मिहाई यांनी अंतोनेस्कूंना अटक करवली आणि एका रात्रीत शत्रू बदलला. अव्रामेस्कूंच्या चौथ्या आर्मीने ट्रान्सिल्व्हेनियात लढत २५ ऑक्टोबरला कारेई घेतले; तो दिवस रुमेनियात आजही सैन्यदिन आहे. इथेही सीमा लागली, आणि इथेही सैन्य ती ओलांडून पुढे हंगेरीत व चेकोस्लोव्हाकियात गेले, फक्त या वेळी सोव्हिएत आदेशाखाली. चरित्रकार या दोन ओलांडण्यांना दोन वेगळी नावे देतात. आम्हांला ती एकच कृती दिसते, आणि तिला नियती म्हणावे की सवय, हा आमचा खरा प्रश्न आहे.

मार्च १९४५ च्या प्रारंभी स्लोव्हाकियात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले. दुसऱ्याच दिवशी, ३ मार्चला, जर्मन विमानहल्ल्यात ते मारले गेले, असे सांगण्यात आले. पत्नी आणि मुलीलाही अटक झाली; मुलीने काही दिवसांतच जीव दिला, पत्नी १९५६ मध्ये परतली. जनरलांचे अवशेष २००० मध्ये बुडापेस्टहून आणून ट्रान्सिल्व्हेनियातल्या क्लूज शहरात पुरण्यात आले.