मोती आणि मौन

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने मोत्यांविषयी दिलेला इशारा (मत्तय ७:६) आम्हांस नेहमीच कठोर वाटत आला आहे. परंतु त्याच्या लगेच आधी स्वतःच्या डोळ्यातील मुसळ काढण्याची आज्ञा आहे. त्यामुळे समोरच्याला अपात्र ठरविण्याचा अधिकार आम्हांस उरत नाही. उरतो तो वेळ ओळखण्याचा विवेक. हेरोदाच्या प्रश्नांपुढे प्रभू मौन राहिला. विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीशी मात्र तो भर दुपारी बोलत राहिला. हेरोदाला चमत्काराचे कौतुक पाहायचे होते, तिला तहान होती.

आमच्या घरातील एका तरुणाने मिस्सा सोडली आहे. श्रद्धेचा विषय निघताच तो हसतो. त्याच्यापुढे आम्ही क्रूसाविषयी वाद घालीत नाही. चेष्टेला खाद्य पुरविणे ही साक्ष नव्हे. मात्र त्याचे ताट वाढणे थांबलेले नाही, आणि रात्रीच्या रोझरीत त्याचे नाव घेणेही नाही. परवा त्याने आपणहून विचारले, "आजी शेवटी एवढी शांत कशाच्या बळावर होती?" त्या प्रश्नात तहान होती. तेव्हा आम्ही बोललो, पण थोडकेच. बाप्तिस्म्याच्या दिवशीच हे धन त्याच्या नावे झाले आहे. तो मागेल तोवर ते सांभाळणे, एवढेच आमचे काम.