कागदाची डबी आणि तिचे दोन कारागीर

श्रीनगरला जाणारी मंडळी दल सरोवर, शिकारा आणि मुघल बागा पाहून परततात. आम्हीही ते सारे पाहिले. पण शेवटचे दोन दिवस मुद्दाम जुन्या शहरासाठी राखून ठेवले होते. आमच्यातल्या मुलींनी घरी डेकूपाज शिकून घेतले आहे. ट्रे, बरण्या, चमच्यांचे डबे यांवर रंगीत कागदाची कात्रणे चिकटवायची आणि वरून वार्निशचे हात द्यायचे, असे ते काम. कागदानेच घरातली वस्तू सजवण्याचा एक फार जुना हुन्नर काश्मिरात आहे, हे त्यांना दाखवायचे होते. तोच पेपरमाशी.

सुरुवात आम्ही झेलमच्या काठावरील खानकाह-ए-मुअल्लापासून केली. चौदाव्या शतकात इराणच्या हमदान शहरातून हजरत मीर सय्यद अली हमदानी (रह.) काश्मिरात आले. दीनच्या शिकवणीबरोबर त्यांच्या सोबत्यांनी अनेक हुन्नरही आणले, असे काश्मिरी माणूस आजही आदराने सांगतो. त्यांच्या नावाने उभी असलेली ही लाकडी इमारत आत-बाहेर फुलापानांच्या नक्षीने भरलेली आहे. दाराशी उभे राहून वर पाहिले तरी लाल, निळ्या आणि सोनेरी रंगांत नजर हरवते. पुढे सुलतान जैनुल आबिदीन (1420 ते 1470) यांनी कारागिरांना आश्रय दिला आणि हे काम खोऱ्यात रुजले. लोक त्यांना प्रेमाने 'बडशाह' म्हणतात.

या कलेचे जुने नाव 'कार-ए-कलमदानी'. लेखण्या ठेवायच्या पेट्या, म्हणजे कलमदान, अशा नक्षीने सजवत. त्यावरून हे नाव पडले. 'पेपरमाशी' हा शब्द फ्रेंच आहे. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली फ्रान्सला जात, त्या या रंगीत पेट्यांत घालून. शालीबरोबर पेटीही तिथल्या लोकांना आवडली आणि त्यांनी दिलेले नाव तिला कायमचे चिकटले.

तिथून आम्ही जदीबलच्या गल्ल्यांत गेलो. या भागातले बहुतेक कारागीर शिया कुटुंबांतले. घराच्या वरच्या मजल्यावर, खिडकीच्या उजेडात, गुडघ्याशी वस्तू धरून काम चालते. एका वयस्कर कारागिरांनी आम्हाला बसवून घेतले, नून चहा पाजला आणि मुलींना पहिल्यापासून सगळे समजावून सांगितले.

रद्दी कागद बरेच दिवस पाण्यात भिजत घालतात. मग उखळात कुटून त्याचा लगदा करतात आणि त्यात भाताची खळ मिसळतात. हा लगदा साच्यावर थापून वाळवतात. वाळल्यावर बारीक करवतीने मधोमध कापून साचा बाहेर काढतात आणि दोन्ही भाग पुन्हा सरसाने जोडतात. इथपर्यंतचे काम 'सख्तसाजी'. त्यावर सरस आणि खडूचा लेप देऊन तो घासून गुळगुळीत करतात. नंतर पातळ कागदाचे तुकडे साऱ्या वस्तूवर चिकटवतात, म्हणजे लेपाला तडे जात नाहीत. हे ऐकताच आमची धाकटी म्हणाली, "चाचा, हे तर आमच्या डेकूपाजसारखंच झालं!" ते हसून म्हणाले, "बेटी, तुमचा कागद वर दिसतो, आमचा आत लपतो. एवढाच फरक."

यानंतर वस्तू नक्काशाच्या हाती जाते. तो आधी एकसारखा रंग देतो, मग पेन्सिलीने न आखता थेट बारीक कुंचल्याने चिनारची पाने, गुलाब, बुलबुल, खंड्या उतरवतो. 'हजारा' नावाच्या नक्षीत तर इतकी फुले असतात की मधली जागा दिसतच नाही. शेवटी वार्निश.

चाचा स्वतः नक्काश. पण त्यांना चिंता होती ती सख्तसाजाची. गिऱ्हाईक फुलाचे दाम देते, फुलाखालच्या कागदाचे कोणी विचारत नाही. लगदा कुटणाऱ्याच्या हाती थोडीच मजुरी पडते, म्हणून त्याची मुले दुसऱ्या कामाला जातात. बाजारात आता लाकडाच्या किंवा तयार पुठ्ठ्याच्या डब्या रंगवून पेपरमाशी म्हणून विकल्या जातात. नक्षी तीच, पण आतला हुन्नर नाहीसा झालेला. 2021 साली युनेस्कोने श्रीनगरला हस्तकला आणि लोककलांसाठी सर्जनशील शहरांच्या यादीत घेतले. मान मोठा आहे. मात्र त्याची ऊब सख्तसाजाच्या चुलीपर्यंत पोहोचायला हवी.

हजरत दाऊद अलैहिस्सलाम स्वतःच्या हाताच्या कमाईवर गुजराण करीत, हे आपण मुलांना सांगतो. मग अशा कमाईची वस्तू घेताना दोन प्रश्न विचारायला काय हरकत आहे? आतमध्ये कागद आहे की लाकूड, आणि ते कोणी बनवले? आम्ही विचारले. एका दुकानदाराने सरळ सांगितले की डबी लाकडाची आहे. तो सच्चेपणा आम्हाला आवडला. पण कागदाची हवी होती, म्हणून ती चाचांकडूनच घेतली. आकाराने लहान, दामाने थोडी जास्त.

घरी डेकूपाज करणाऱ्या भगिनींसाठी चाचांकडून मिळालेल्या तीन गोष्टी. वस्तू आधी नीट घासून घ्या, कारण खरबरीत जागेवर कागद बसत नाही. खळ पातळ ठेवा आणि कागद मधून कडेकडे दाबत न्या, म्हणजे फुगे राहत नाहीत. आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. आमच्याकडून एकच भर: उर्दू-अरबी कागद कात्रणांसाठी घेताना त्यावर अल्लाहचे नाव किंवा आयत नाही ना, हे पाहून घ्या. ट्रेवर कप ठेवले जातात, सांडलवंड होते. त्या नावाचा अदब राखला गेला पाहिजे.

ईदला कुणाला भेट द्यायची असेल तर आपल्या हाताने सजवलेली वस्तू द्या, किंवा ज्याच्या हाताला काम हवे आहे त्याच्याकडून घ्या. अल्लाह तआला अशा हातांच्या रोजीत बरकत देवो. आमीन.