आश्विनातली हरळी

युरोपातील थंड प्रदेशांत हिरवळीचे बी शरद ऋतूच्या आरंभी पेरण्याची रीत आहे, कारण उन्हाळ्याची ऊब तोवर मातीत टिकून असते, हवेत ओल वाढू लागलेली असते आणि तेथील फेस्क्यू, राय या गवतांना गारवा मानवतो. देहूत ही रीत उलटी पडते, कारण येथे आश्विनात पाऊस परतीला लागतो, दुपारचे ऊन चटके देते आणि पाठोपाठ थंडी येते. येथील हिरवळीचे जुने गवत म्हणजे हरळी, जिला पूजेच्या ताटात दूर्वा म्हणतात. ती उष्ण हवेची असल्याने थंडीत तिची वाढ खुंटते, म्हणून तिचे बी पावसाळ्याच्या तोंडाशी पेरणेच शहाणपणाचे असते. तरीही नव्या घराच्या अंगणात ती आश्विनात पेरली जाते, कारण त्याआधी तेथे बांधकामाचा चिखल असतो आणि दिवाळीपूर्वी अंगण हिरवे दिसावे अशी घरच्यांची इच्छा असते.

प्रस्तुत लेखकाला ही पेरणी सुचली ती शेजारच्या सोसायटीत यंत्राने कापल्या जाणाऱ्या गवताच्या वासामुळे. कापलेल्या पात्यांतून उडून जाणाऱ्या द्रव्यांचा हा वास बहुतेकांना ताजेपणाचा वाटतो. लेखकाला मात्र त्यात आजोबांच्या हातांचा वास आला, कारण इंद्रायणीकाठच्या रानात नांगरट झाली की आजोबा ढेकळांतून हरळीच्या काशा, म्हणजे तिची जमिनीखालून सरकणारी खोडे, वेचत असत. काशीच्या प्रत्येक पेराला मुळे फुटू शकत असल्याने ते त्या बांधावरही टाकत नसत. वेचलेली मोळी बाभळीच्या फांदीवर अडकवून ठेवत आणि ती कडकडीत वाळल्यावरच चुलीत जाई. ज्या गवताला जमीन शिवू द्यायची नाही असा त्यांचा बाणा होता, त्याचेच बी नातवाने पैसे मोजून आणावे, ही गोष्ट त्यांच्या हयातीत घडली नाही हे एका अर्थी बरेच झाले.

हे बी इतके बारीक असते की एका ग्रॅममध्ये ते काही हजार भरते. त्यामुळे ते चाळलेल्या वाळूत मिसळून एकदा उभे आणि एकदा आडवे फेकावे लागते, वर मातीची जेमतेम चाळण द्यावी लागते आणि पाणी झारीनेच घालावे लागते, कारण पाइपच्या धारेने सारे बी एका कोपऱ्यात जाऊन बसते. उगवण दोन-तीन आठवडे चालते आणि तोवर मुंग्या आपला वाटा नेत राहतात.

त्याच आश्विनात घरोघरी दुसरी एक पेरणी होते. शुद्ध प्रतिपदेला शेतातली माती पसरून तीत सात किंवा नऊ धान्ये पेरतात, मध्ये घट ठेवतात, आणि देवघरातल्या अंधारामुळे हरितद्रव्य तयार न झालेले पिवळे कोंब नऊ दिवसांत वीतभर होतात. हरळीचे ते हाडवैरी आजोबा दसऱ्याला हे कोंब टोपीत खोवून गावभर हिंडत.

शेजारच्या त्या यंत्रासाठी येथे थोडा परका इतिहास आणावा लागतो. एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने 1830 साली गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लोकरी कापडावरची लव साफ करणाऱ्या गिरणीतील यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. तोवर हे काम विळे आणि मेंढ्या करत. या यंत्राने हिरवळ सामान्य घरांच्या आवाक्यात आणली, परंतु गवत तुऱ्यावर येण्याआधीच छाटायचे हा नियमही पक्का केला. भंडारा डोंगरावरची कुसळी तेवढी या नियमाबाहेर राहते. तिच्या बियांची पिळदार कुसे ओल आणि ऊन यांच्या फेऱ्यात गिरमिटासारखी फिरतात आणि बी स्वतःच जमिनीत शिरते.

अलीकडे गवताचे तयार गालिचे गुंडाळ्या करून मिळतात आणि लग्नाच्या जागांनाही ‘लॉन्स’ म्हणतात. जेथे मांडवाच्या खुर्च्यांखाली गवत पिवळे पडते आणि पुढच्या मुहूर्ताआधी नवा तुकडा चिकटवला जातो, त्या जागेला हिरवळ म्हणण्यास लेखकाचा विरोध आहे, आणि तो पुरेशा कारणांवाचूनही कायम राहणार आहे.

पेरलेल्या वाफ्यात हरळीच्या आधी वर आला तो लव्हाळा. नम्रतेचा दाखला म्हणून तुकोबांनी ज्याला अभंगात जागा दिली, तो देहूच्याच अंगणात सर्वांत मुजोर तण ठरतो, कारण त्याचे पाते उपटले तरी मातीतल्या गाठी शाबूत राहतात आणि त्यांतून नवे रोप येते. खुरप्याने खोल खणून काढलेल्या या काळपट गाठी फोडल्यावर त्यांतून ओळखीचा सुगंध आला. हाच नागरमोथा, जो दिवाळीच्या उटण्यात वाळा आणि आंबेहळदीबरोबर पडतो. आजी तो रानातून आणून, धुऊन, उन्हात वाळवून खलबत्त्यात कुटत असे, आणि काशा वेचणारे आजोबा या गाठी तेवढ्या उपरण्यात बांधून घरी आणत. यंदा उटण्याचे पाकीट दुकानातून आलेलेच होते आणि त्यावरच्या यादीत नागरमोथ्याचे नाव होते; तरीही अंगणातल्या मूठभर गाठी धुऊन गच्चीवर वाळत घातल्या गेल्या, आणि हरळीच्या वाफ्याला त्या दिवशी पाणी द्यायचे राहिले.