भिंतीला फुटलेला घाम

चार वर्षं मी वरच्या मजल्यावरच्या वहिनींना दोष देत होते. आमच्या बाथरूमच्या छतावर येणारे काळे ठिपके त्यांच्याकडच्या गळतीमुळे येतात, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं, सोसायटीच्या कमिटीला लेखी दिलं आणि घरी येईल त्याला ऐकवलं. माझं चुकलं होतं. मी २६ वर्षं नाशिकमध्ये शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे ही चूक मला अधिक लागते. ती मनात ठेवून चालणार नाही, म्हणून लिहिते आहे.

ओल म्हटली की आम्हा नाशिककरांना आधी गोदावरी आठवते. दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, यावरून इथे पूर मोजतात. माझं माहेर सराफ बाजारामागच्या बोळातल्या वाड्यात. १९६९ च्या महापुरात पाणी कुठवर चढलं होतं, ते आजी भिंतीवर तळहात टेकवून दाखवायची. तो हात माझ्या डोक्यात पक्का बसला. ओल म्हणजे बाहेरून घुसलेलं पाणी, आणि उपाय म्हणजे घट्ट बंदोबस्त.

इंदिरानगरला फ्लॅट घेतल्यावर मी तसाच बंदोबस्त केला. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते. तिच्या काचेच्या पट्ट्यांमधून थंडीत गार वारा यायचा, कबुतरांची पिसं यायची. मी आतून ॲक्रिलिकचा पत्रा ठोकून ती कायमची बंद केली. दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावली. छताला धुता येईल असा ऑइलपेंट दिला. बादली-तांब्या जाऊन गरम पाण्याचा शॉवर आला. सगळं कसं नीट, बंदिस्त झालं.

पहिल्याच थंडीत बाहेरच्या भिंतीला लागून, छताच्या कोपऱ्यात ठिपके दिसले. मग रंगाचे पोपडे सुटले. टॉवेल संध्याकाळपर्यंत सादळलेलेच राहायचे, दाराचं प्लाय खालून फुगलं, आणि दार उघडलं की कुबट वास यायचा. मला एकच कारण सुचलं: वरून गळतंय.

सोसायटीच्या उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतींची आणि सामाईक पाइपांची गळती सोसायटीने काढायची, घरातल्या संडास-बाथरूमची ज्याची त्याने. मी तो नियम पुढे केला आणि वहिनींनी भांडण न वाढवता फरशी फोडली. जुना कोबा उखडला, नवा ब्रिकबॅट कोबा घातला, नहाणी ट्रॅप बदलला. तीन आठवडे त्यांच्या ऐंशी ओलांडलेल्या सासूबाई वॉकर घेऊन शेजारच्या घरी अंघोळीला जात होत्या. जिन्यात भेटल्या तरी मी त्यांच्याकडे न बघता खाली उतरायचे. हे आठवलं की आजही जीव कासावीस होतो.

पुढच्या डिसेंबरात ठिपके परत आले.

रंग खरवडायला आलेल्या रंगाऱ्याने भिंतीवरून हात फिरवला आणि विचारलं, "ताई, हे पावसाळ्यात वाढतं की थंडीत?" थंडीत, मी म्हणाले. "मग वरचे लोक फक्त थंडीतच अंघोळ करतात का?" त्याने पॉलिथिनचा वीतभर चौकोनी तुकडा कापला, भिंत कोरड्या फडक्याने पुसली, तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावला आणि सांगितलं, दोन दिवसांनी बघा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला आले, तर ओल भिंतीतून येते. पुढच्या बाजूला आले, तर ती खोलीतल्या हवेतली.

दोन दिवसांनी मागची बाजू कोरडी होती. पुढच्या बाजूला थेंबच थेंब होते.

दरवर्षी मी सहावीच्या वर्गात स्टीलच्या पेल्यात निळ्या शाईचं पाणी आणि बर्फ घालायचे. पेला बाहेरून ओला झाला की विचारायचे, हे पाणी आतून झिरपलं का? मुलं थेंबाला बोट लावून बघायची. बोट निळं होत नसे. मग मी सांगायचे, पेल्याभोवतालच्या हवेतली वाफ गार धातूला लागून पाणी झाली. तोच पेला माझ्या घरात चार वर्षं छताच्या कोपऱ्यात उभा होता आणि मी त्याला बोट लावून पाहिलं नाही.

हिशेब सोपा आहे. एक घनमीटर हवेत २५ अंशांना साधारण २३ ग्रॅम वाफ मावते, १० अंशांना फक्त ९ ग्रॅमच्या आसपास. आमचं बाथरूम पाच बाय सात फूट, उंची नऊ, म्हणजे जेमतेम नऊ घनमीटर. शॉवरने ती हवा वाफेने भरते आणि नाशिकच्या थंडीत रात्रभर गार पडलेल्या भिंतीला टेकली की पाणी सोडते. कोपऱ्यात हवा सगळ्यात कमी हलते, म्हणून बुरशी आधी तिथे धरते. ऑइलपेंट थेंबभर पाणी शोषत नाही, त्यामुळे ते पृष्ठभागावरच राहतं. आणि वाफेला बाहेर जायच्या दोन्ही वाटा मी माझ्या हातांनी बुजवल्या होत्या.

मला सगळ्यात नवल वाटलं ते थंडीच्या हवेचं. गार वारा आत आला की ओल वाढेल, असं मी धरून चालले होते. पण १० अंशांची हवा वाफेने पूर्ण भरलेली असली, तरी आत येऊन २२ अंशांपर्यंत तापली की निम्म्याहून थोडी कमी भरलेली उरते. मग ती भिंतीवरचं पाणी उचलते. म्हणजे ज्या वाऱ्याला मी पत्रा ठोकला, तोच बाथरूम वाळवणार होता.

तेव्हा वाड्यातली न्हाणी डोळ्यांपुढे आली. काळ्या दगडाची फरशी, कोपऱ्यात धगधगणारा तांब्याचा बंब, चुन्याची भिंत आणि वर कधीच बंद न होणारा झरोका. थंडीत त्या झरोक्याचा मला राग यायचा. आजी म्हणायची, तो न्हाणीचा श्वास आहे. मी ते गैरसोयीचं समर्थन समजत होते. आता ते मला बांधकामाचं ज्ञान वाटतं.

पत्रा काढला, पट्ट्यांना कबुतरांसाठी जाळी लावली. एक्झॉस्ट फॅन बसवला आणि तो अंघोळीनंतर वीसेक मिनिटं चालू ठेवतो. दाराखालची रबरी पट्टी काढली, कारण आत हवा येणार नसेल तर फॅन बाहेर काय फेकणार? छत खरवडून चुना दिला. चुना थोडी ओल शोषतो, सोडतो, आणि त्याच्या क्षारतेत बुरशी सहज धरत नाही. शेवटी अंघोळ करणाऱ्याने फरश्या वायपरने निपटून काढायच्या, हा घरचा नियम. पावसाळ्यात त्याचाच मोठा आधार, कारण तेव्हा बाहेरची हवाच दमट असते आणि नुसत्या खिडकीने भागत नाही.

गळती खोटी नसते. डाग बारा महिने पसरत असेल, त्यावर पांढरे क्षार फुलत असतील, प्लास्टिकच्या मागे पाणी धरत असेल, तर फरशी फोडावीच लागते. माझं म्हणणं इतकंच, की शेजारच्याची फरशी फोडायला लावण्याआधी वीतभर प्लास्टिक लावून बघा.

एका रविवारी मी वर गेले. वहिनींना सगळं सांगितलं, माफी मागितली, खर्चातला अर्धा वाटा देईन म्हणाले. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पैसे घेईन. आईंना झालेला त्रास मात्र तुम्ही त्यांनाच सांगा." मी आतल्या खोलीत जाऊन सासूबाईंच्या पायांशी बसले. त्यांना नीट ऐकू येत नाही. मला सगळं दोनदा, मोठ्याने सांगावं लागलं.

निघताना वहिनींनी त्यांचं बाथरूम दाखवलं. नव्या फरशीच्या वर, छताच्या कोपऱ्यात, तसेच काळे ठिपके होते. खिडकीला आतून पुठ्ठा लावलेला होता. मी स्टुलावर चढले, वहिनींनी स्टूल धरलं, आणि आम्ही तो काढला.