पाच मिलिमीटर



चातुर्मास लागला आणि माझा नवा चष्मा आला. सूनबाईने मोबाईलवरूनच मागवला होता. फ्रेम सुरेख, किंमत निम्मी. पण चार दिवसांत डोकं ठणकायला लागलं. स्वाध्यायाला ओळी एकमेकींवर चढायच्या, बस्तीच्या पायऱ्या तिरक्या दिसायच्या. खाली बघून पाऊल टाकावं म्हणतो आपण, मी चाचपडत टाकत होते. शेवटी ग्रंथ वाचायची माझी पाळी दुसऱ्या बाईंना दिली आणि सांगितलं, घसा बसलाय. खोटंच की ते.

मोतीबिंदू असणार, या भीतीने डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "डोळे ठीक आहेत, नंबरही बरोबर आहे. काचा कशा बसवल्यात ते बघून घ्या."

तेव्हा सूनबाईला आठवलं. मागवताना 'पीडी' म्हणून एक रकाना होता. आमच्या चिठ्ठीवर तो आकडाच नव्हता, म्हणून तिने आधीच भरलेला ६३ तसाच ठेवला. पीडी म्हणजे दोन्ही बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. मोठ्या माणसांचं साधारण ५४ ते ७४ असतं. काचेचा मध्य बाहुलीसमोर यायला हवा, नाहीतर दिसणारी वस्तू सरकते आणि डोळे ती जुळवत बसतात. नंबर लहान असला तर खपून जातं. माझा उणे पाच.

घरीच मोजलं. नातीची मिलिमीटरची पट्टी घेतली. हे माझ्यासमोर हातभर अंतरावर बसले, पट्टी माझ्या कपाळाला, भुवयांवर टेकवून. आधी यांनी उजवा डोळा मिटला. मी यांच्या उघड्या डाव्या डोळ्याकडे बघायचं आणि यांनी शून्य माझ्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर धरायचं. मग पट्टी न हलवता यांनी डावा मिटून उजवा उघडायचा, मी त्याकडे बघायचं, आणि माझ्या डाव्या बाहुलीवरचा आकडा वाचायचा. चाळीस वर्षांत इतका वेळ आम्ही एकमेकांकडे बघितलं नसेल! हसण्यात पट्टी दोनदा सरकली. मग ५८, ५७, ५८.

मी कॉमर्सची. तेरीज एका रुपयाने जुळली नाही तरी आम्हाला झोप येत नसे. इथे पाच मिलिमीटर चुकले होते आणि मी दोष वयाला देत होते.

गावातल्या चष्मेवाल्याने यंत्रावर मोजलं: उजवीकडे २८.५, डावीकडे २९.५. नाक अगदी मधोमध नसतं, म्हणून दोन्ही बाजू वेगळ्या मोजतात. जवळच्या, वाचायच्या चष्म्याचं अंतर आणखी दोनतीन मिलिमीटर कमी धरतात, कारण वाचताना डोळे आत वळतात. काचा बदलल्या. पैसे गेले ते गेलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मूग निवडायला घेतले. पहिल्याच मुठीत दोन सोंडे दिसले. हलकेच कागदावर घेऊन बाहेर सावलीत सोडले. मग तशीच ताट घेऊन बसून राहिले. आधीचे पंधरा दिवसही मीच तर निवडत होते. त्या संध्याकाळच्या प्रतिक्रमणात मी बराच वेळ तिथेच अडकले होते.

आणि हो, त्या बाईंना घशाचं खरं सांगून टाकलं.