कानसेनाची खोली

गाणे गळ्यात नसले तरी ज्याच्या कानात आहे, अशा माणसाला मराठी भाषेने 'कानसेन' म्हटले. त्या नावात थोडी थट्टा आहे, पण मान अधिक आहे. कानसेन हा बैठकीतला मनुष्य. तो गवयाच्या समोर, फार तर दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत मांडी घालून बसलेला असावयाचा, आणि त्याच्या मानेच्या एका हालचालीवरून आपली जागा पोचल्याची खूण गवयाला पटावयाची. गेल्या साठ-पासष्ट वर्षांत या कानसेनाचा एक नवा अवतार जगभर निपजला आहे. तो एकटा बसतो. डोक्यावर एक कमान आणि दोन्ही कानांवर दोन वाट्या असतात. त्या वाट्यांपायी त्याने घरच्या माणसांना खरा आकडा सांगवणार नाही इतका पैसा ओतलेला असतो. या छंदाची टिंगल करणे सोपे आहे आणि ती पुष्कळदा योग्यही असते. परंतु त्याच्या मुळाशी असलेली ओढ टिंगलीवारी नेण्यासारखी नाही. उंची हेडफोनांचा इतिहास पाहू जाता एक चमत्कारिक गोष्ट आढळते. ज्या खोलीतून या यंत्राने श्रोत्याला बाहेर काढले, तीच खोली त्याला परत मिळवून देण्यासाठी यंत्रकारांनी आपले उत्तमोत्तम कौशल्य वेचले आहे.

मुळात हे यंत्र संगीतासाठी जन्मलेले नव्हते. दूरध्वनी-केंद्रांतील कामगार आणि जहाजांवरील बिनतारी संदेश टिपणारे यांच्या कानांची ती सोय होती. अमेरिकेतील युटा राज्यात नेथॅनिएल बाल्डविन याने घरच्या स्वयंपाकघरात जुळवलेले हेडफोन १९१० साली तेथील नौदलाने पसंत केले, ते क्षीण संदेश स्पष्ट ऐकू यावेत म्हणून. मात्र संगीताने या नळीवाटे एकदा त्याहीपूर्वी प्रवास केला होता. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत्-प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर ध्वनिग्राहक मांडून तेथील गायन तारेने प्रदर्शनाच्या इमारतीत नेले. श्रोत्याने दोन श्रवणिका दोन कानांना लावावयाच्या. रंगमंचाच्या वेगवेगळ्या बाजूंकडून आलेले दोन निराळे प्रवाह दोन कानांत पडत, आणि गायक चालू लागला की त्याचा आवाजही सरकल्याचा भास होई. या प्रयोगातूनच 'तेआत्रोफोन' ही वर्गणीची सेवा पुढे १८९० मध्ये निघाली. मार्सेल प्रूस्त १९११ साली तिचा वर्गणीदार झाला. दम्याने घरात कोंडलेल्या या कादंबरीकाराने द्यब्युसीची 'पेलेआस ए मेलिसांद' ही संगीतिका घरबसल्या तारेवरून ऐकली आणि तिने तो झपाटला गेला. एकट्याने, कानाशी धरलेल्या यंत्रातून संगीत ऐकणाऱ्या आरंभीच्या रसिकांत स्मृतीचा हा लेखक असावा, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यास साहित्याच्या अभ्यासकाचे मन धजणार नाही.

बर्लिनच्या ऑयगेन बायर याच्या कारखान्यात १९३७ साली फिरत्या वेटोळ्याच्या तत्त्वावरचा हेडफोन तयार झाला. परंतु केवळ रसिकासाठी, दोन कानांत दोन निराळे प्रवाह देणारा हेडफोन बाजारात येण्यास १९५८ साल उजाडावे लागले. मिलवॉकी येथील जॉन कॉस याने तो खरे तर एका सुटसुटीत ग्रामोफोनच्या जोडीला म्हणून प्रदर्शनात मांडला होता. लोकांनी ग्रामोफोनकडे पाठ फिरवली आणि हेडफोन उचलला.

येथूनच अडचणीलाही आरंभ झाला. खोलीत दोन ध्वनिक्षेपकांसमोर बसलेल्या माणसाचा डावा कान फक्त डाव्याचा आवाज ऐकत नाही. तो उजव्याचाही ऐकतो. पण सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अशा विलंबाने, आणि डोक्याच्या आडोशामुळे किंचित मंद झालेला. भिंतींवरून व छतावरून परतलेले ध्वनी मागाहून येतात, बाह्यकर्णाच्या घड्या त्यांना आपला संस्कार देतात, आणि मान जरा वळली की हे सगळे नाते बदलते. या सूक्ष्म हिशेबांवरून मेंदू ठरवतो की सारंगी तिकडे आहे आणि तबला इकडे. हेडफोन हा हिशेबच मोडून टाकतो. डावे ते केवळ डाव्या कानाला, उजवे ते केवळ उजव्याला. मधे ना भिंत, ना अंतर. मान वळवली तर सारी मैफलच मानेबरोबर वळते. परिणामी गाणे समोर बसत नाही, ते दोन कानांच्या मधोमध, कवटीच्या आत येऊन बसते. प्रथम ऐकणाऱ्याला याची मौज वाटते. तासाभराने त्याच मौजेचा शीण येतो.

उंची हेडफोनचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या शिणावर शोधलेले उतारे होत. जपानच्या स्टॅक्स या संस्थेने १९६० साली स्थिरविद्युत्-तत्त्वावरचा हेडफोन आणला. दोन सच्छिद्र पत्र्यांच्या मधे केसाहून कितीतरी पातळ असा पडदा ताणलेला, त्याच्यावर शेकडो व्होल्टचा दाब, आणि संगीताच्या विद्युत्-प्रवाहाबरोबर तो सबंध पडदाच थरथरावयाचा. ही संस्था आपल्या वस्तूला हेडफोन म्हणत नाही, 'इअरस्पीकर' म्हणते. हा नावाचा हट्ट अर्थपूर्ण आहे. १९६१ मध्ये बेंजामिन बॉअर याने डाव्याचा थोडा अंश विलंबाने उजव्या कानात मिसळणारी विद्युत्-रचना सुचवली. डोक्याच्या आडोशाची ही कृत्रिम भरपाईच होती. १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझरने आपल्या 'एचडी ४१४' या हेडफोनच्या वाट्यांची पाठ उघडी ठेवली. आवाज आत कोंडून ठेवायचा नाही, त्याला मागूनही वाट द्यायची. त्यामुळे तो मोकळा, हवेशीर वाटतो. व्हिएन्नाच्या एकेजीने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस याहून पुढे जाऊन वाट्या कानांना टेकूच दिल्या नाहीत. 'के १०००' मधील दोन चौकटी कानांच्या बाजूस अधांतरी लोंबतात.

या उघड्या पाठीचा परिणाम मोठा गमतीचा आहे. आवाज जसा बाहेर जातो तसा बाहेरचा आतही येतो. म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्रास नको म्हणून ज्याने हेडफोन घेतला, त्याला आता तो ऐकण्यासाठी घरातल्या सगळ्यांना गप्प करावे लागते. स्वस्त आणि प्रवासी हेडफोन जगाला बाहेर ठेवतात. सर्वांत महागडे बहुधा जगाला दार उघडे ठेवतात आणि मग जगाने आत येऊ नये अशी अपेक्षा करतात.

किमतीविषयी फार बोलण्यात अर्थ नाही. सेनहायझरनेच २०१५ मध्ये जाहीर केलेल्या 'एचई १' या संचाचा प्रवर्धक इटलीतील काराराच्या संगमरवरात बसवलेला आहे आणि त्याची किंमत आरंभी पन्नास हजार युरोच्या घरात होती. संगमरवराने कंपन दबते, असे समर्थन दिले जाते. ते शास्त्रदृष्ट्या खोटे नाही, पण मायकेलअँजेलोच्या दगडाची मोहिनी केवळ कंपनापुरती असते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मापे तपासून असे दाखवले की, निरनिराळ्या वारंवारतांना हेडफोन कसा प्रतिसाद देतो याचा आणि त्याच्या किमतीचा परस्परसंबंध आढळत नाही. यावर छंदिष्टांचे म्हणणे असे की प्रतिसादाच्या आलेखात सारेच येत नाही. तेही खरे असेल. मात्र दुसऱ्या एका सत्याविषयी ते सहसा बोलत नाहीत. तरुण कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत ऐकतो. साठीच्या सुमारास बारा हजारांवरचे बरेचसे हरपलेले असते. उत्तम हेडफोन परवडू लागतो तोवर त्याचा पूर्ण उपभोग घेणारे इंद्रिय निघून गेलेले असते. त्यात ज्याने तारुण्यात तेच यंत्र मोठ्या आवाजात कानाला लावले, त्याचे नुकसान वयाच्या आधीच झालेले असते.

खोलीचा हा ध्यास भारतीय वाचकाला परका वाटू नये. नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात भरताने प्रेक्षागृहाची मापे दिली आहेत, आणि मध्यम आकाराचे, ६४ हात लांब व ३२ हात रुंद असे गृहच इष्ट मानले आहे. कारण अतिविशाल गृहात उच्चारलेले शब्द अस्पष्ट होतात आणि मुखावरचे भाव दिसेनासे होतात. कानाला किती अंतर मानवते याचा विचार या परंपरेने आरंभीच केला होता.

तरीही, भारतीय संगीताच्या श्रोत्याला हेडफोनने जे दिले ते कोणत्याही प्रेक्षागृहाने दिले नव्हते, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. तंबोऱ्याचेच उदाहरण पाहावे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात असताना, १९२१ साली, तंबोरा व वीणा या वाद्यांवर लिहिले. तार जेथे छेडली जाते तेथे ज्या स्वरांशांचा स्थिरबिंदू येतो ते उपस्वर निघू नयेत, असा पाश्चात्य ध्वनिशास्त्राचा नियम. या वाद्यांत ते स्पष्ट निघतात, आणि त्याचे कारण घोडीच्या वक्र पृष्ठभागात आहे, असे त्यांनी दाखवले. मिरजेचा कारागीर ज्याला जवारी म्हणतो ती हीच. बैठकीत दहाव्या रांगेतल्या माणसाला तंबोरा एखाद्या धुक्यासारखा ऐकू येतो. त्यातले उपस्वर एकामागून एक उमलताना ऐकण्याचे भाग्य गायकाचे असते, कारण तंबोरे त्याच्या पाठीशी असतात. चांगल्या ध्वनिमुद्रणावर चांगला हेडफोन लावला म्हणजे श्रोता रांगेतून उठून गायकाच्या आसनापाशी जातो. जवारी ज्या बिंदूवर 'खुलते' तो बिंदू, षड्ज लावण्यापूर्वी घेतलेला श्वास, मींडेच्या शेवटी स्वर सोडतानाचे ओठांचे मिटणे, हे सारे त्याच्या हाती लागते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे ज्या अवधानाची मागणी केली आहे, ते अवधान या दोन वाट्या जवळजवळ सक्तीने घडवून आणतात.

परंतु ती मागणी श्रोत्यांकडे आहे, श्रोत्याकडे नव्हे. अभिनवगुप्ताने नाट्यातील रसाचा विचार करताना असे मानले आहे की, सर्व सामाजिकांची प्रतीती एकघन झाल्याने रसाचा परिपोष अधिक होतो. रस एकेकट्याच्या चित्तात उमटतो खरा, पण शेजारच्याच्या चित्तातही तो उमटत आहे ही जाणीव त्याला घट्ट करते. समेवर दहा माना एकदम लवतात तेव्हा हेच घडते. हे काहीतरी गमावले जात आहे याची जाणीव यंत्रकारांनाही होती. १९७९ साली सोनीचा पहिला वॉकमन आला तेव्हा त्याला हेडफोन जोडण्याच्या दोन खाचा होत्या, आणि एक नारिंगी कळ होती. ती दाबली की संगीत मंद होऊन दोघांना एकमेकांशी बोलता येई. घरी यंत्र कानाला लावले असता पत्नीला एकटे पडल्यासारखे वाटते, हे आकिओ मोरिता यांच्या ध्यानात आले होते. ग्राहकांना मात्र ती दुसरी खाच नको होती. पुढच्या यंत्रांतून आधी ती कळ गेली आणि कालांतराने खाचही.

या सगळ्याची खरी कसोटी लागते ती खाजगी ध्वनिफितींपाशी. महाराष्ट्रात आणि बाहेरही कित्येक रसिकांनी घरगुती बैठका फितींवर टिपून ठेवल्या. काही गायकांचे उत्तम गाणे अशा फितींतच उरले आहे. या फिती बहुधा एकाच ध्वनिग्राहकाच्या, एकाच प्रवाहाच्या. दोन्ही कानांत तोच आवाज पडत असल्यामुळे गायक, तबला, तंबोरे आणि समोरची सबंध सभा मस्तकाच्या मध्यावरच्या एका बिंदूत दाटीवाटीने बसतात. फितीची खरखर, पंख्याची घरघर, कुणाचा खोकला, हेही तेथेच. हजारो रुपयांचा हेडफोन ही दाटी लपवत नाही, उलट चव्हाट्यावर आणतो. म्हणून छंदिष्टांतला एक वर्ग अशा फितींकडे फिरकतच नाही. तो निर्दोष मुद्रणेच ऐकतो, आणि मग हळूहळू गाणे न ऐकता मुद्रण ऐकू लागतो. दुसरा वर्ग फिती 'स्वच्छ' करतो. आता त्यासाठी संगणकाची साधने आहेत आणि ती पुष्कळ प्रभावी आहेत. पण खरखर ज्या उंच वारंवारतांत वसते त्यांतच जवारीचे वरचे उपस्वर वसतात. झाडू जोरात फिरला की केराबरोबर तंबोऱ्याचे तेजही जाते, आणि टाळ्या व दाद कापून टाकल्या की गवई कोणाला उद्देशून गातो आहे तेच कळेनासे होते. असे स्वच्छ केलेले गाणे नितळ असते, पण पाठांतर म्हणून दाखवल्यासारखे वाटते. जुनी खरखरीत फीत आहे तशी जपणाऱ्यांचा पक्षच अखेर बरोबर आहे.

अशा फितींत ख्याल संपून पुढची चीज सुरू होण्यापूर्वी तंबोरे पुन्हा जुळवले जात असतात. खुंटी करकरते, तबल्यावर हातोडीचे दोन ठोके पडतात, आणि गायक साथीदाराकडे वळून काहीतरी बोलतो. मान वळलेली असल्यामुळे शब्द ध्वनिग्राहकापर्यंत पोचत नाहीत. मागोमाग सभा हसते. पातळ पडद्याच्या, उघड्या पाठीच्या उत्तम हेडफोनातून ते हसू इतके जवळ येते की त्यातले चार-पाच आवाज वेगळे काढता येतात. एक बाई उशिरा हसते, हेही कळते. कशावर हसले ते मात्र कितीदाही मागे जाऊन ऐकले तरी लागत नाही.