तळहाताचा तारा

अकरा वर्षं मी तो तारा रोज बघत होते आणि तो मला दिसला नव्हता.

निगडीहून निघालेली आमची कंपनीची बस तळवड्यावरून चाकणला जाते. वाटेत एखाद्या चौकात पोलिसांची गाडी उभी असतेच, आणि तिच्या दारावर तो तारा असतो. दिवसातून दोनदा, सुट्ट्या सोडल्या तरी काही हजार वेळा माझी नजर त्याच्यावरून घसरून गेली असेल. यंदाच्या २ जानेवारीला तो पहिल्यांदा नीट दिसला. त्याच्या पोटात चक्क एक तळहात आहे! उघडा, समोर धरलेला, देवाच्या मूर्तीचा अभय देणारा हात असतो तसा. त्या दिवसापासून मी ज्याला त्याला हेच सांगत सुटले आहे, आणि आता तुम्हालाही सांगणार आहे.

श्रेय माझ्या भाचीचं. ती पोलीस भरतीची तयारी करते आहे. पहाटे पाचला मैदानावर जाते, आठशे मीटर पळते, गोळा फेकते आणि घरी येऊन पुस्तक उघडते. "मावशी, आज स्थापना दिवस आहे, ठाण्यात शस्त्रं बघायला ठेवलीत, चल," म्हणाली आणि मला ओढतच घेऊन गेली. मांडवाखाली रायफली ओळीने मांडल्या होत्या, बिनतारी संच होते, शाळेची पोरं श्वानपथकातल्या कुत्र्याभोवती दाटी करून उभी होती. माझं लक्ष मात्र मागच्या निळ्या ध्वजावर खिळलं.

"हा कधीपासूनचा गं?" मी विचारलं, आणि भरतीच्या प्रश्नाला द्यावं तसं तिने एका दमात उत्तर दिलं. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं, आणि २ जानेवारी १९६१ ला पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी महाराष्ट्र पोलीस दलाला त्याचा स्वतःचा ध्वज दिला. म्हणून २ जानेवारी हा स्थापना दिवस. नवं राज्य अवघं आठ महिन्यांचं होतं! घरात बाळ यावं आणि वर्षाच्या आत त्याच्या कानात नाव सांगावं, तसंच हे. ताऱ्यासोबतचं ब्रीदवाक्य मला ऐकून माहीत होतं, 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय', पण त्याचा अर्थ मी कधी सावकाश लावला नव्हता. सज्जनांच्या रक्षणासाठी, दुष्टांच्या निग्रहासाठी. निग्रहासाठी! नाशासाठी असं कुणी लिहिलेलं नाही. निग्रह म्हणजे आवरणं, ताब्यात ठेवणं. एका शब्दाची निवड, आणि सगळ्या दलाला त्याची मर्यादा सांगून झाली.

मी कंपनीत स्टोअर सांभाळते. माझा सगळा दिवस टॅग वाचण्यात जातो. हिरवा टॅग म्हणजे माल पास, पिवळा म्हणजे थांबवून ठेवा, लाल म्हणजे रिजेक्ट. टॅग वाचता येत नसेल त्याला आमच्या रॅकवर नुसते लोखंडाचे तुकडे दिसतात. वाचता येतो त्याला सगळी गोष्ट दिसते. त्या दिवशी भाचीने मला खाकीवरचे टॅग वाचायला शिकवले, आणि इतकी वर्षं एकसारखी वाटणारी वर्दी माझ्यासमोर बोलायला लागली.

शिपायाची बाही कोरी. हवालदाराच्या बाहीवर तीन फिती. पुढचं सगळं खांद्यावर. सहायक फौजदाराचा एक तारा, फौजदाराचे दोन, म्हणजे ज्यांना आपण पीएसआय म्हणतो ते, आणि ताऱ्यांखाली लाल-निळी फीत. इथून खरी गंमत सुरू होते. सहायक पोलीस निरीक्षकाला तीन तारे, पोलीस निरीक्षकालाही तीन तारे आणि सहायक पोलीस आयुक्तालाही तीनच! मग ओळखायचं कसं? फितीवरून. सहायक निरीक्षकाची फीत नुसती लाल, निरीक्षकाची लाल-निळी, आणि सहायक आयुक्ताच्या खांद्यावर फीतच नाही. वर चढलं की काहीतरी वाढत जातं अशी माझी समजूत होती. इथे एका पायरीवर फीत गळून पडते आणि माणूस वर गेलेला असतो.

त्याच्याही वर अशोकस्तंभ येतो. उपायुक्ताच्या खांद्यावर अशोकस्तंभ आणि एक तारा, उपमहानिरीक्षक दर्जाच्या अपर आयुक्ताच्या खांद्यावर अशोकस्तंभ आणि तीन तारे. त्यानंतर तारेही मागे पडत जातात आणि एकमेकांवर तिरके ठेवलेले तलवार आणि दंड येतात. महानिरीक्षकाला त्या जोडीवर एक तारा, अपर महासंचालक आणि महासंचालकाला तिच्यासोबत अशोकस्तंभ. परतीच्या रस्त्यात भाची विचारत होती आणि मी ओळखत होते. चौकातल्या बंदोबस्तावर एक अधिकारी उभे होते. लांबून तीन तारे दिसले. जवळ गेल्यावर लाल-निळी फीत दिसली. "निरीक्षक!" मी म्हणाले, आणि भाचीने रस्त्यातच टाळी दिली.

त्या रात्री मी तिचीच पुस्तकं काढून बसले, आणि तेव्हा मला या सगळ्यातला सगळ्यात मोठा शोध लागला. मी धरून चालले होते की देशाचं एक पोलीस दल असणार, त्याचा एक ध्वज असणार आणि राज्याराज्यांत त्याच्या शाखा असणार. तसं नाहीच! आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा विषय राज्यांच्या सूचीत आहे. दल राज्याचं, ध्वज राज्याचा, ब्रीद राज्याचं. मात्र वरचे अधिकारी भारतीय पोलीस सेवेतून येतात. ही सेवा संघराज्य आणि राज्यं दोघांची मिळून, घटनेच्या ३१२ व्या कलमातली अखिल भारतीय सेवा. ते घडतात हैदराबादच्या सरदार वल्लभभाई पटेल राष्ट्रीय पोलीस अकादमीत आणि मग राज्यांना वाटून दिले जातात. तर आपले फौजदार तयार होतात नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत. त्या संस्थेची सुरुवात १९०६ साली पुण्याच्या भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात झाली, आणि १९०९ मध्ये ती नाशिकला गेली. एकाच ठाण्याच्या दारात नाशिकचा धागा आणि हैदराबादचा धागा एकमेकांत विणलेले असतात. ती वीण खांद्यावर उघड दिसते, फक्त वाचता आली पाहिजे.

आपल्या भागाची गोष्ट तर याहून न्यारी. १५ ऑगस्ट २०१८ पर्यंत पिंपरी, चिंचवड, निगडी, भोसरी पुणे शहर पोलीस आयुक्तांच्या हाताखाली होती, आणि चाकण, आळंदी, देहूरोड, तळेगाव पुणे ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे. हे दोन वेगळे साचे आहेत. ग्रामीणमध्ये अधीक्षक, त्यांच्याखाली उपविभाग, मग ठाणी. शहरात आयुक्त, परिमंडळांचे उपायुक्त, विभागांचे सहायक आयुक्त, मग ठाणी. शिवाय जमावबंदीसारखे जे आदेश जिल्ह्यात दंडाधिकारी काढतात, ते इथे आयुक्त स्वतः काढू शकतात. म्हणजे निगडीत राहून चाकणला कामाला जाणारी मी रोज सकाळी एका साच्यातून दुसऱ्या साच्यात जात होते आणि संध्याकाळी परत येत होते! त्या स्वातंत्र्यदिनी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सुरू झालं आणि माझं घर आणि माझी कंपनी पहिल्यांदा एकाच छत्राखाली आली. पुढे महाळुंगे एमआयडीसीला स्वतंत्र ठाणं मिळालं. कारखाने जिथे गेले, मागोमाग वस्ती गेली, आणि वस्तीमागून पोलीस ठाणं गेलं. नकाशावर ठाण्यांची नावं लावत गेले तर आपल्या पट्ट्याच्या वाढीचा आलेखच तयार होतो.

या छत्राखाली आणखी काय काय आलं बघा. आळंदी आलं आणि देहूही आलं! ज्ञानोबांची समाधी आणि तुकोबांचं गाव, आषाढीला निघणाऱ्या दोन्ही पालख्यांचं प्रस्थान याच आयुक्तालयाच्या हद्दीतून. पसायदानात माउलींनी खलांचा नाश मागितलेला नाही, त्यांच्यातलं वाकडेपण तेवढं जावं असं मागितलं. आणि आपल्या पोलिसांच्या ब्रीदात 'निग्रह' हा शब्द आहे. एक मागणं देवाकडे, एक काम माणसाकडे. पण दोन्हीकडे माणूस शिल्लक राहतो. हे मला जुळलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी स्कूटरवर तळेगाव-चाकण रस्त्याला लागलो, कारण भाचीने सांगितलं होतं की याच पट्ट्यात आणखी दोन निशाणं आहेत. तळेगाव दाभाड्याला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं, म्हणजे सीआरपीएफचं ग्रुप सेंटर आहे. या दलाचा जन्म २७ जुलै १९३९ चा, मध्य प्रदेशातल्या नीमचचा, आणि नाव होतं क्राउन रिप्रेझेंटेटिव्ह्ज पोलीस. स्वातंत्र्यानंतर सरदार पटेलांनी ते मोडलं नाही. २८ डिसेंबर १९४९ च्या कायद्याने त्याला आजचं नाव मिळालं, आणि १९ मार्च १९५० ला नीमचमध्येच पटेलांनी त्याला निशाण दिलं. राजमुकुटाचं दल प्रजासत्ताकाचं झालं, ते प्रजासत्ताक अजून दोन महिन्यांचंही नव्हतं तेव्हा! मला तर वाटतं, निशाण देणं म्हणजे हेच. माणसं तीच असतात, कवायतही तीच असते, पण आता आपण कुणासाठी उभे आहोत हे कापडाच्या एका तुकड्याने सगळ्यांना सांगायचं. जरीपटका डोळ्यासमोर आणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. म्हणून तर संचलनात निशाण टोळी समोरून जाते तेव्हा बसलेली माणसं उभी राहतात.

आणि मग सुदुंबरे! इथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, एनडीआरएफची ५ वी बटालियन आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर २००६ मध्ये हे दल उभं राहिलं, आणि त्याची घडणच वेगळी आहे. जवान येतात केंद्रीय दलांमधून, ठरावीक काळासाठी, आणि इथे त्यांच्या अंगावर नारिंगी डगला चढतो. सुदुंबऱ्याची ही बटालियन मूळची सीआरपीएफची. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा चिखलात उतरलेले जवान याच बटालियनचे होते. २०१९ च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात याच दलाच्या बोटी फिरत होत्या. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीचा चढ हेच जवान पायी चढून गेले.

सुदुंबरे म्हणजे संत संताजी जगनाडे महाराजांचं समाधीस्थान. संताजींचा जन्म चाकणचा. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे, गाथा बुडाली तेव्हा ते शब्द लोकांसाठी राखणारे, असं परंपरा त्यांच्याविषयी सांगते. बुडालेलं वाचवणाऱ्या माणसाचं गाव, आणि बुडणाऱ्यांना वाचवणाऱ्यांची छावणी त्याच गावात! मी स्कूटर बाजूला घेऊन थांबले. भाचीने विचारलं, "काय झालं मावशी?" मला बोलता येईना.

अजून एक तारीख तिने मला त्याच रस्त्यावर सांगितली. २१ ऑक्टोबर. १९५९ साली त्या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैनिकांच्या हल्ल्यात आपले दहा पोलीस जवान शहीद झाले. म्हणून दरवर्षी २१ ऑक्टोबरला देशभरातली सगळी पोलीस दलं स्मृतिदिन पाळतात आणि वर्षभरात कर्तव्य बजावताना गेलेल्यांची नावं वाचतात. दलं वेगळी, ध्वज वेगळे, ब्रीदं वेगळी, पण त्या सकाळी सगळे एकत्र मान झुकवतात. देशाचं एक पोलीस दल मी पुस्तकात शोधत होते. मला वाटतं, ते त्या एका सकाळी दिसत असावं.

काल संध्याकाळी दुसऱ्या पाळीच्या वेळेला मी चाकणच्या तळेगाव चौकात होते. तिथली कोंडी तुम्हाला ठाऊक आहे. कंटेनरला कंटेनर लागलेला, धूळ, हॉर्न, मधूनच वाट काढणाऱ्या दुचाक्या. पाळी सुटलेल्या आठ-दहा मुली डबे हातात घेऊन रस्त्याच्या कडेला खोळंबल्या होत्या. वाहतूक शाखेचा एक शिपाई मध्ये उभा होता. पांढरा शर्ट, कोरी बाही. त्याने त्या मुलींकडे बघितलं, मग येणाऱ्या ट्रेलरकडे वळला आणि तळहात उघडून समोर धरला.

ट्रेलर थांबला. मुली निघाल्या.

ताऱ्यातला तो हात मी निळ्या कापडावर शोधला होता, गाडीच्या दारावर शोधला होता. तो इथे उभा होता, धुळीने भरलेला, एकाला "थांब" म्हणणारा आणि त्याच क्षणी दुसऱ्याला "भिऊ नकोस" म्हणणारा. रक्षण आणि निग्रह, दोन्ही एकाच तळहातात. रस्ता ओलांडताना मी त्याच्या जवळून गेले आणि मान लववली. त्याने पाहिलं की नाही, माहीत नाही. तो पुढच्या गाडीकडे वळला होता.

पुढच्या भरतीत माझी भाची पुन्हा मैदानावर उतरेल. तिच्या खांद्यावर कधी काय येईल ते येवो. आधी ती कोरी बाही येऊ दे, आणि तो हात तिचा होऊ दे.